घाटंजी, तीन फेऱ्या

९ जानेवारी २०२३, सोमवार

काल लिहिलं ते चूक आहे. काल मी लिहिलं की त्यांनी माझा ट्रॅक नाकारला. नाकारलेला नाही! आज इनेसचा निरोप परत वाचला, सावकाश, शब्दकोश जवळ घेऊन. ती म्हणते — आवडला, पण कमजोर मशीनवर अडखळतो. ते सुधारलं तर नव्या आवृत्तीत घेऊ. कालचं पान फाडत नाही. चुकलेलं एका रेघेनं खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे, असं आत्यानं शिकवलंय. एक रेघ मारली.

म्हणजे घाटंजी अजून जिवंत आहे!

नीट लिहून ठेवते, पुढं माझाच गोंधळ नको. खेळाचं नाव टिनव्हील. पत्र्याच्या खेळण्यातल्या गाड्यांची शर्यत. लिनक्स या संगणकप्रणालीवर चालतो, फुकट आहे, आणि त्याचं आतलं सगळं काम उघडं. कोणीही पाहावं, दुरुस्त करावं, नवा ट्रॅक करून द्यावा. पगार कोणालाच नाही. इनेस सगळ्यांची प्रमुख, ती पोर्तुगालमध्ये दवाखान्यात एक्स-रे काढते आणि उरलेल्या वेळात हे सांभाळते. माझं काम — इतरांचे ट्रॅक माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालवून बघायचे आणि कुठं अडखळतात ते लिहायचं. 'कमजोर मशीन' विभाग म्हणजे मी एकटी. दीड वर्ष झालं.

आणि आता माझा स्वतःचा ट्रॅक — घाटंजी, आमचं गाव. बसस्टँडवरून सुटायचं, बाजारातून, कडुनिंबाखालून, विहाराला वळसा, मग आमच्या वावरातून कापसामधून परत बसस्टँड. तीन फेऱ्या. ५ फेब्रुवारीला दार बंद, त्यानंतर नवं काही घेत नाहीत.

पोर्तुगालची बाई आमच्या बसस्टँडवर वळण घेऊन गेली! तिनं लिहिलंय, त्या लाल बसला मी दोनदा धडकले. मी हसले तर आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

१२ जानेवारी

आधी बाजारातल्या छत्र्या काढल्या. त्यानं फरक पडेल असं वाटलं. पडला नाही. दहा मिनिटं बरं चालतं, मग गाडी रांगायला लागते.

उर्वशीला फोन केला. यवतमाळच्या कॉलेजात आम्ही एकाच वर्गात. म्हणाली, बस काढून टाक, तशी ती वेळेवर कधी असते?

बस काढली.

१३ जानेवारी

बस काढूनही रांगतेच. मोजून लिहिलं. पाहिलं ते एकीकडं, वाटलं ते दुसरीकडं — ही सवय आत्याची. मला शाळेत घातलं तेव्हा मी इतकी रडायचे की मास्तरच म्हणाले घरी ठेवा. मग चौथीपर्यंत शीलाआत्याच माझी शाळा. वहीच्या मधोमध रेघ: डावीकडं 'पाह्यलं', उजवीकडं 'वाटलं'. उजवीकडचं डावीकडं लिहिलं की कान धरायची. टिनव्हीलमध्ये माझ्या नोंदी सगळ्यांना आवडतात त्या याच्यामुळं. बेन्हामीन म्हणून चिलीचा एक जण आहे, त्यानं एकदा लिहिलं होतं, समीक्षानं अडखळतं म्हटलं की अडखळतंच, वाद नाही. तो निरोप मी आठवडाभर रोज वाचायचे.

१५ जानेवारी, रविवार

आज बैठक. दर रविवारी आमच्या साडेतीनला सगळे जगभरातून इंटरनेटवर बोलायला जमतात. बाकीचे बोलतात, मी टाइप करते. माझा माइक बंद. दीड वर्षात एकदाही चालू केला नाही. इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, पण तोंडातून निघताना कुठंतरी सांडतं.

बेन्हामीन म्हणाला, तुझा ट्रॅक माझ्याकडं मस्त पळतो. मी टाइप केलं, तुझं मशीन चांगलं असेल. तो म्हणाला, माझं मशीन म्हणजे डबडं आहे. मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतोय. (उजवीकडचं.)

कडुनिंब काढला. वाईट वाटलं. त्याची पानं चार दिवस रंगवली होती.

१८ जानेवारी

बाबांनी आज पडद्यावर वाकून पाहिलं. "तुह्या गेमातला कापूस तरी इकल्या गेला का वं?"

बाबांचा टोमणा म्हणजे स्वतःलाच असतो. आमचा कापूस नोव्हेंबरपासून घरात आहे. मागच्या साली भाव चढला होता, म्हणून यंदा सगळे थांबलेत. पुढची खोली छताच्या वाशापर्यंत भरली, मग माझी खोली अर्धी. आईबाबा स्वयंपाकघरात झोपतात. आत्याच्या अंगाला खाज सुटते, ती ओसरीत. रोज सकाळी बाबा व्यापाऱ्याला फोन लावतात, मग चहा घेत म्हणतात, "थांबू. चढन." सगळ्या गल्लीत हेच. गोविंदाकाकांकडं तर देव्हारा पण कापसात बुडालाय.

मला विचाराल तर खोलीतल्या कापसावर बसून खेळण्याइतकं सुख नाही. पाय आत रोवायचे, लॅपटॉप समोर कापसावरच ठेवायचा, मऊ मऊ. राणी असल्यासारखं!

२१ जानेवारी

विहार काढायला हात धजेना. शेवटी काढला. फक्त तपासायला. आत्याला सांगितलं नाही.

२२ जानेवारी, रविवार

आत्याला कळलं. ती रोज दुपारी खेळात एक फेरी मारते, विहारापाशी गाडी थांबवते आणि चष्मा पुसून बघते. आज गेली तर तिथं नुसती काळी माती. माझ्याकडं वळली.

"समे, इहार कुठी गेला?"

मी सांगितलं, ओझं कमी करून राह्यले, मशीन दमते. आत्यानं बोटं मोजली. मग म्हणाली, "बस नाई, निंब नाई, बजार नाई, इहार नाई. मंग हे घाटंजी कायची वं? हे त कोनाचंबी वावर आहे."

खरं आहे. रस्ता आणि कापूस एवढंच उरलंय. तरीही रांगतंच!!

बैठकीला गेले नाही. पोट दुखतंय असं टाइप केलं. खोटं नव्हतं, लिहिल्यावर दुखायला लागलं.

२३ जानेवारी

इनेसचा निरोप. ती म्हणते, काहीतरी जुळत नाही, मशीन कसं ठेवलंयस त्याचा एक फोटो पाठव. कुठल्या वायरी, काय बाजूला, सगळं दिसू दे.

फोटो! या खोलीचा! वाशावर दोरी, दोरीवर बाबांचा शर्ट, आणि खाली हा कापूस. आवरायला जागाच नाही. उर्वशीला विचारलं, ती म्हणाली, तिच्या घरी काय ताजमहाल आहे काय, पाठव.

शर्ट काढला. फोटो काढला. पाठवला. फोन पालथा ठेवला.

२४ जानेवारी, मंगळवार

हसून हसून गाल दुखताहेत. आधी पाहिलं ते लिहिते.

इनेसचा निरोप, शब्दशः मराठीत: "समीक्षा, तू ढगावर बसून खेळतेस का?"

खाली दुसरी ओळ: "लॅपटॉपच्या पोटाला श्वास घ्यायची भोकं असतात. ती ढगात बुडाली आहेत."

मी लॅपटॉप उचलला. खालून तवा! उलटा केला, स्क्रू काढले. पंख्यात कापूस. वातीएवढा, मळकट, पीळ बसलेला. आमचाच कापूस! मी दीड वर्ष...

नाही. दीड वर्ष नाही. हा कापूस नोव्हेंबरचा. मागच्या साली डिसेंबर-जानेवारीत होता, मग विकला. म्हणजे दोन हंगाम. बाकीच्या महिन्यांत मी टेबलावर बसायचे. बरोबर लिहिलंच पाहिजे.

स्वयंपाकघरातून पाट आणला. पाटावर लॅपटॉप. पळाली! दहा मिनिटं, वीस मिनिटं, रांगायचं नाव नाही. आईला ओढून आणलं. आई म्हणाली, "मले काय समजते त्यातलं," आणि जाताना म्हणाली, "पाट धुऊन ठेवजो."

२५ जानेवारी

सगळं परत आणलं. यात गंमत अशी की इथं काही हरवत नाही. काढलेली प्रत्येक गोष्ट ट्रॅकच्या जुन्या प्रतींत जशीच्या तशी असते. कडुनिंब आला. छत्र्या आल्या. बस आली, लालच्या लाल. विहार आला, निळा झेंडा फडकतोय. आत्याला बोलावलं. तिनं गाडी थांबवली, बराच वेळ बघितलं, मग मलाच म्हणाली, "चाल, सरक, मले एक फेरी पुरी करू दे." आणि बसला जाऊन धडकली.

२६ जानेवारी

आनंद एका दिवसात उतरला.

कापसाच्या दोन हंगामांत मी दुसऱ्यांचे किती ट्रॅक 'अडखळतात' म्हणून परत पाठवले? शोधलं. बेन्हामीनचा दीपस्तंभ. मी लिहिलं होतं, फार जड होतो, आणि त्यानं काढून टाकला. त्यानं तो त्याच्या आजोळच्या गावावरून केला होता. मी लिहिलं म्हणून काढला. वाद नाही म्हणाला होता ना!

पाहिलं ते खरंच होतं. रांगत होतंच. पण कापसावर बसून पाहिलं हे मी लिहिलं नाही. कशावर बसले ते लिहायचं असतं हे कोणाला सुचतं?

सगळ्यांना सांगावं लागेल. मग विभाग काढून घेतील. घेऊ देत. माझ्या ट्रॅकचं काय होईल?

दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा पाठवलं. फोटो जोडला.

२७ जानेवारी

वरणात मीठ दोनदा घातलं. आत्या म्हणाली, परीक्षा आहे काय? मी म्हटलं, हो. कायची? टिनव्हीलच्या लोकांपुढची.

२८ जानेवारी, शनिवार

देवा! म्हणजे देव मानत नाही आम्ही, पण दुसरं काय म्हणू!

बेन्हामीननं लिहिलं, दीपस्तंभ परत येतोय, आणि आता त्याच्यावर पांढरा ढग पण रंगवतो. इनेसनं लांब लिहिलंय. तिनं इतर खेळणाऱ्यांना विचारलं, तुम्ही लॅपटॉप कुठं ठेवता? निम्म्याहून जास्त म्हणाले: गादीवर. पांघरुणावर. एक बाई उशीवर, तिच्या मांडीवर मांजर. इनेस म्हणते, टेबल कोणाकडं असतं? तुझी नोंद चुकीची नव्हती, अपुरी होती. कापसावरची चाचणी बंद करू नकोस. उलट आता नियमच — प्रत्येक ट्रॅक आधी पाटावर, मग कापसावर. आणि नियमांच्या पानावर तिनं खरंच लिहिलंय, रोमन अक्षरांत, 'कापूस चाचणी'! मी ते पान उर्वशीला, उर्वशीनं सगळ्या वर्गाला, आता वर्गात माझं नाव कापूस.

बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "चला, कोनाच्या त कामी आला."

२९ जानेवारी, रविवार

डोकं थाऱ्यावर आल्यावर लक्षात आलं. नियम सगळ्यांना. म्हणजे घाटंजीला पण.

घाटंजी पाटावर पळते. कापसावर नापास. सगळं काढलेली घाटंजीसुद्धा कापसावर नापास होती! मग जड आहे तरी काय?

बैठकीत इनेस म्हणाली, दोन प्रकार ठेव. चांगल्या मशीनला पूर्ण गाव, कमजोर मशीनला हलकं. रीतसर आहे, पुष्कळ ट्रॅकना आहे. मी हो टाइप केलं, पण पाठवताना बोट अडलं. म्हणजे ज्याच्याकडं चांगलं मशीन त्याला कडुनिंब, आणि माझ्यासारखीला नुसतं वावर? माझ्याच ट्रॅकमध्ये? 'विचार करते' असं पाठवलं.

दार बंद व्हायला आठवडा.

१ फेब्रुवारी, बुधवार

बाबांनी स्वतः खेळायला मागितलं. आत्यानं चिडवलं असणार. शर्यत त्यांना नकोच होती. बस सोडली, बाजार सोडला, वावरात शिरले आणि गाडी उभी. पडद्याजवळ तोंड नेऊन बोंडं बघत बसले. मागून सगळ्या गाड्या निघून गेल्या.

"एक-एक बोंड येगळं काढलं काय वं?"

मी म्हटलं, हाव. एकही दुसऱ्यासारखं नाही. पाच पाकळ्यांचं, चार पाकळ्यांचं, अर्धं उमललेलं. दोन महिने लागले.

"अळी नाई टाकली?"

"नाई, बाबा."

"बरं केलं," म्हणाले, आणि गाडी सुरू केली. शेवटून पहिले आले. खूश होते.

२ फेब्रुवारी, गुरुवार

कॉलेजला गेले. एसटीत खिडकी मिळाली. घाटंजी सुटली की दोन्हीकडं वावरं. काहींचा कापूस अजून उभा आहे, शेवटची वेचणी व्हायची आहे. बघत होते, म्हणजे बघत नव्हते, दार बंद व्हायच्या चिंतेत होते. आणि एकदम दिसलं.

लांबच्या वावरात बोंडं नाहीतच! नुसतं पांढरं. मातीवर पांढरं शिंपडल्यासारखं. जवळ, रस्त्याकडेला, तेवढी बोंडं. बस पुढं गेली की तीच बोंडं मागं पडून पांढरं होतात.

मी काय केलं होतं? सगळ्या वावरातलं एकेक बोंड, क्षितिजापर्यंत, पूर्ण, पाकळ्यांसकट. मशीन तेच वाहून दमत होतं. प्रामाणिकपणा म्हणून! पाहिलं ते काढलं, असं म्हणत होते. हे मी कधी पाहिलंच नव्हतं. हे कोणीच पाहिलेलं नाही. हे मला वाटलं होतं! उजवीकडचं!

आणि बस काढली, निंब काढला, विहार काढला — कापूस काढून बघावा हे एकदाही मनात आलं नाही. घाटंजीतून कापूस कसा काढायचा?

यवतमाळला उतरले आणि परत फिरणाऱ्या त्याच बसमध्ये चढले. कंडक्टर तोच. म्हणाला, "काय वं पोरी, यवतमाळ आवडलं नाई काय?" उर्वशीला कळवलं, हजेरी लाव. आयुष्यात पहिल्यांदा. (हे बरं नाही केलं. प्रॅक्टिकल नव्हतं, तरीपण. उद्या सरांना सांगेन.)

४ फेब्रुवारी

जवळची बोंडं तशीच. लांबची नुसतं पांढरं. मधली, थोडी बोंडं थोडं पांढरं. पाटावर पळाली. मग कापसात पाय रोवले, लॅपटॉप कापसात बुडवला, आत्या शेजारी उभी, आई दारात पोळपाट घेऊन, बाबा फोन कानाला लावून. दहा मिनिटं. पंधरा. खालून तवा तापला. निंब आहे, बस आहे, झेंडा आहे, कापूस आहे. गाडी रांगली नाही!!

आत्यानं फक्त एवढं म्हटलं, "हं. आता घाटंजी हाय."

पाठवला.

६ फेब्रुवारी

घेतला!!!

८ फेब्रुवारी

चेन्नईच्या एका मुलानं विचारलंय, हे गाव खरं आहे का? मी लिहिलं, आहे. बस कमी वेळा येते, एवढाच फरक.

१५ फेब्रुवारी, बुधवार

बाबांनी फोन ठेवला आणि चहा न घेता म्हणाले, "देऊन टाकू." भाव चढला नाही. मग आत्या अंग खाजवत म्हणाली, "चला, मी घरात झोपन आता," आणि बाबाच आधी हसले. गाडी सोमवारी सकाळी येणार.

माझी खोली पूर्ण माझी होईल. आनंद व्हायला हवा. आज दुपारभर कापसात पाय रोवून बसले.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

इनेस प्रमुखपद सोडतेय. तिची दवाखान्याची पाळी बदलली, आता वेळ उरणार नाही. लिहिलंय, या वेळची आवृत्ती तू काढ, आणि पुढच्याही. सगळ्यांना विचारलंय, कोणी नाही म्हणालं नाही. रीत मला माहीत आहे: काढणाऱ्यानं बैठकीत प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं, हरकत आहे का. तोंडानं. टाइप केलेलं चालत नाही.

उत्तर अजून दिलेलं नाही. आत्याला मघाशी ओसरीत ती पाच-सहा नावं मोठ्यानं म्हणून दाखवली. बेन्हामीनला ती दोनदा हसली.

रविवारी शिवजयंती, गल्लीत ढोल असणार. पण या खोलीत बाहेरचा आवाज शिरत नाही, कापूस सगळा पिऊन टाकतो. सोमवारनंतर शिरेल.

म्हणून रविवार, १९ फेब्रुवारी. दुपारी साडेतीन. कापसावर बसून. लॅपटॉप पाटावर. माइक चालू.